वैकुंठात पाणी कोण भरतं?

बायको गेल्यावर मी जव्हारात एकटा राहायला शिकलो, म्हणजे दोन्ही वेळच्या भाकरी करपवायला शिकलो. मी चितारी. गणपती घडवायचे, लग्नघराच्या भिंती रंगवायच्या, पालखीच्या दांड्यांना रंग द्यायचा. मूलबाळ नव्हतं. दिवसा कामात जीव रमायचा, पण तिन्हीसांजेला कुंचले धुऊन ठेवले की घर खायला उठायचं. शेजारचे जेवायला बोलवायचे. मी मुळातच तिरसट, जायचो नाही.

अशात घाटावरून एक बुवा आले. आवाज खणखणीत, बोलणं साखरेचं. त्यांना संस्थानातल्या पाड्यापाड्यांवर फिरून लोकांच्या गळ्यात तुळशीची माळ घालायची होती. माळ घातली की दारू आणि कोंबडं सुटलं. पण नुसत्या उपदेशानं माणूस बसत नाही, हे बुवांना पक्कं ठाऊक होतं. मला म्हणाले, "चितारी, वैकुंठ काढून दे. बैलगाडीत मावेल एवढं."

मांजरपाटाला चिंचोक्याची खळ लावून मी कामाला बसलो. वैकुंठ मी कशाला पाहतोय! पाहिला होता तो आमच्या महाराजांचा दसऱ्याचा दरबार, तोही दाराशी उभा राहून. तोच काढला. मधे देव, त्याची गादी हुबेहूब राजवाड्यातली, दोन्ही बाजूंना चोपदार. देवाजवळ पगड्या आणि शालू, त्यांच्यामागे उपरणी, आणि पार खाली दाराशी हात जोडून उभे असलेले लंगोटीवाले. असं काढ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तसाच चालला. बुवांनी बघितलं आणि एवढंच सुचवलं, की देवाजवळचे जरा आणखी गोरे कर.

चित्र आधी गावातल्या देवळात टांगलं. बाजारपेठेतली मंडळी आपापली जागा शोधून खूश झाली. दरबारातल्या एका कारकुनाला देवाच्या उजव्या हाताला आपल्यासारखी पगडी दिसली, तर तो कितीतरी दिवस मान ताठ करून चालत होता. मी त्याला म्हणालो, "रावसाहेब, तिथं ओल लागली तर तुम्हीच आधी जाल." त्याला ते आवडलं नाही.

खालच्या कोपऱ्यात मी एक नदी काढली होती, आणि नदीकाठी तिला.

तिचा फोटो कुठला असायला! फोटो निघायचे राजवाड्यात. मला ती आठवायची ती एकाच रूपात. विहिरीचा चढ चढून येणारी, डोक्यावर भरलेला हंडा, एक हात वर हंड्याला लावलेला, मान ताठ. मी ओट्यावर रंग खलत बसलेला असायचो. ती दिसली की उठायचो आणि हंडा उतरवायचो. "अवो, आधी हात पुसा, हंड्याला रंग लागंल," ती रोज म्हणायची. आमचं लाडाचं बोलणं ते एवढंच. तापानं ती गेली, तेव्हा चिताऱ्याच्या बायकोचं साधं चित्रही घरात नव्हतं. म्हणून तिला तिथं, त्या सुखाच्या जागी, उभं करायचं मी ठरवलं होतं. बाकी वैकुंठाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

बुवांच्या नजरेतून ती सुटली नाही. "वैकुंठात पाणी कोण भरतं? हंडा काढून टाक."

बोलणं बिनतोड होतं. मलाही वाटलं, मेल्यावरसुद्धा हिनं पाणीच का वाहावं? हंड्यावर मी आभाळाचा निळा रंग चढवला. वर उचललेला हात मात्र तसाच ठेवला. तो हात खाली घेतला तर मला ती ओळखू येईना.

मग आम्ही गाडी जोडून निघालो. पहिला मुक्काम खोडाळ्याच्या बाजारात. लोक चित्रापुढं जमले, आणि सगळ्यांनी आधी नदी पाहिली. देव पुष्कळ वर होता, पगड्यांच्या गराड्यात. नदीकाठची बाई हाताला लागेल अशी होती, आणि तिनं हात वर केलेला. एकीनं तिच्यापुढं फूल ठेवलं. तिचं बघून दुसरीनं ठेवलं. पोशेऱ्याला पोचलो तर आमच्याआधी बातमी पोचलेली, की बुवांच्या कापडावर हात देणारी आई आहे. बुवा हुशार. त्यांनी त्या रात्रीच्या कीर्तनात तिला देवी म्हणून बसवूनच टाकली. पाप्यांना हात देणारी माउली. लोक रांगेनं माळा घालून घेऊ लागले.

आधी मला हसू आलं, मग मनातून जळायला लागलो. तिच्या तोंडावर कुंकू, पायाशी तांदूळ, आणि गर्दी अशी की मलाच तिच्याजवळ जाता येईना. मी बैलांपाशी जाऊन बसायचो. घरी एकटा होतो त्याहून जास्त एकटा मी त्या गर्दीत झालो.

सूर्यमाळला गेलो तेव्हा वैशाख होता. तिथल्या बाया पाण्यासाठी दरीत उतरत आणि उन्हातून वर येत. अशीच एक म्हातारी दुपारची वर आली, जांभळीखाली हंडा उतरवला आणि चित्रापुढं उभी राहिली. हात जोडले नाहीत. मी कुंकू पुसत होतो, म्हणून तिनं मलाच विचारलं, "हिचे डोईवरला हंडा कठं गेला?"

बुवा हसले. "आजी, देवी आहे ती. आशीर्वाद देते."

"असंल. पन भरल्या हंड्याची मान आहं ती." मग ती पुन्हा माझ्याकडे वळली. "हिला उतराय कोनी नाय का? कवाची उभी आहं. हात भरून आला असंल बायचा."

सकाळी उजाडता उजाडता, पाड्यावर जाग व्हायच्या आत, मी रंग कालवला. आधी हात धोतराला स्वच्छ पुसले. मग तिचा हात खाली घेतला, मान सैल केली, आणि तिला नदीत पाय सोडून बसवली, पाण्याकडे तोंड करून.

बुवा भडकले. "आता येईल कोण इथं?" आणि खरंच, त्या दिवशी बायांनी हात देणारी आई शोधली, सापडली नाही, म्हणून फुलं वर देवाला वाहिली. वाहिली म्हणजे तिथपर्यंत फेकली. बुवांनी मला तिथूनच जायला सांगितलं. वैकुंठ गुंडाळून गाडी पुढच्या पाड्याला गेली. पुन्हा ते मी कधी पाहिलं नाही.

जव्हारला येऊन ओट्यावर बसलो. सवयीनं चढाकडे नजर गेली. पण हंडा घेऊन येणारी ती काही केल्या डोळ्यांपुढं येईना. जेव्हा आली तेव्हा नदीत पाय सोडून बसलेली, माझ्याकडे पाठ करून. फार आरामात बसली होती. मी तिला हाक मारली नाही.