विमलमावशीच्या पंपाचा खटका

हे मी आजवर कोनालेच सांगतलं नाई. बायकोले नाई, मायले नाई, अन् ज्याले सर्वात आधी सांगाले पायजे होतं त्या गजाले तं नाईच नाई. मंग तुमाले काहून सांगून राह्यलो? तुमी मले वळखत नाई, म्हनून असंल. वळखीच्या मानसाच्या डोळ्यात पाहून बोलाची माही छाती नाई — ते पुढं समजंलच तुमाले.

अन् मी रडून-बिडून नाई राह्यलो. मले राग येऊन राह्यला. दोन वर्षं झाले, रोज येते. सकाळी दात घासतानी आरशात थोबाड दिसलं की येते. वाशिमात कोनी "या इंजिनिअर साहेब" म्हनून चहा पाजला, की त्या कपासकट सारं फेकून द्यावं वाटते.

गजा म्हंजे गजानन, मेडशीचा, माह्याच गावचा. एका बाकावर शिकलो आमी. मी इंजिनिअर झालो, तो वायरमन झाला. पंचक्रोशीत मोटर बंद पडली की गजाले फोन. त्याची एक सवय होती — कोन्त्याच वायरले हात लावाच्या आधी फ्यूजचं किटकॅट काढाचं, तो चिनी मातीचा पांढरा ठोकळा, अन् शर्टाच्या खिशात टाकाचं. "हे माह्या खिशात हाये तवरोक लाइनीची मजाल नाई," म्हने. ज्याच्या शेतात जाय त्याले हेच शिकवे. आमी हसत होतो त्याले. मी तं लय हसलो.

शिरपूरजवळच्या विमलमावशीलेही त्यानंच शिकवलं होतं. मावशीचं दीड एकर — मेथी, पालक, सांबार म्हंजे कोथिंबीर. नवरा वारल्यापासून एकटीच पाहे सारं. पंपाले हात लावाचा असला की किटकॅट काढून कनवटीले खोसे, काम झालं की परत लावे. मेथीच्या जुड्या अशा बांधे की मोजून घ्या, एक काडी कमी-जास्त नाई.

आता माहं काम सांगतो. घाबरू नोका, सोपं हाये. वाशिमात दोन खोल्यांची आमची कंपनी, पंपावर बसवाचे बोर्ड बनवतो. बोर्डात बारकासा कॉम्प्युटर. त्याच्या कर्नलले — म्हंजे सारं चालवनाऱ्या मुख्य प्रोग्रामले — बोर्डाच्या कोन्त्या पिनेले बाहेर काय जोडलं, हे सोताहून समजत नाई. आंधळा असते तो. बोर्ड चालू होताच सर्वात आधी जागं होते ते फर्मवेअर, अन् ते त्याले एक तक्ता देते. तक्त्यात पिनेचं नाव, नंबर, अन् ओळीच्या शेवटी एक आकडा. शून्य लिवला, तं पिनेवर व्होल्टेज असतानी 'हो' समजाचं. एक लिवला, तं व्होल्टेज नसतानी 'हो' समजाचं. कर्नलमधला मोटर चालवनारा छोटा प्रोग्राम, म्हंजे ड्रायव्हर, फक्त नाव घेऊन इचारते — 'थांबा' हाये का? तक्ता म्हनंल ते खरं. तो काही शेतात जाऊन पाहत नाई.

तो तक्ता लिवाचं काम माहं. एकट्याचं.

'थांबा' म्हंजे आमचा खटका. बाहेरून गोल, त्याच्यावर 'चालू' अन् 'बंद'. चालूवर फिरवला की बोर्ड अर्धा मिनिट थांबून मोटर सुरू करते. बंदवर फिरवला की मोटर सुरू होनारच नाई, असं आमी सांगत फिरलो. मावशीच्या शेतात बोर्ड बसवला त्या दिवशी मी सोता छाती फुगवून म्हनलो, "मावशी, आता ते किटकॅट काढाची गरज नाई. खटका बंद केला म्हंजे झालं." जोडनी गजानंच केली होती, तो बाजूले उभा होता. पाना पुसत राह्यला.

बोर्ड नवा होता. जुन्या बोर्डात 'थांबा'च्या शेवटी शून्य होता. नव्यात सर्किट बदललं होतं, एक पायजे होता. मी जुना तक्ता उचलला अन् चिकटवून दिला. तपासलाच नाई. काहून नाई तपासला? — काही काम नव्हतं, काही घाई नव्हती. मले वाटलं, मी लिवलं म्हंजे बरोबरच असंल. एवढा माज!

संध्याकाळी गजाचा फोन. "नंदू, खटका उलटा चालून राह्यला रे. चालूवर मोटर थांबते, बंदवर फिरते." त्याचं बरोबर होतं. त्याले दहा मिनिटात समजलं जे मले समजलं नव्हतं. अन् मी काय म्हनावं? "तुह्यं काहीतरी चुकलं असंल. खटक्याच्या मागं स्क्रूची दुसरी जोडी हाये, वायर तिच्यावर घे." त्या जोडीवर वायर नेली की सारं उलटं होते. उलट्याचं उलटं म्हंजे सुलटं. तो म्हने, "पन जोडनीच्या नकाशात तं पयली जोडी हाये." मी खेकसलो त्याच्यावर. "बोर्ड मी बनवला का तू?" त्यानं वायर हलवली. खटका बरोबर चालाले लागला.

आठ दिवसानं टेबलावर दुसरा बोर्ड तपासतानी तो शून्य मले दिसला. पाहा, इथवर काहीच बिघडलं नव्हतं. एक फोन कराचा होता — गजा, तुह्यं बरोबर होतं, माहं चुकलं, वायर परत पयल्या जोडीवर घे. पाच मिनिटाचं काम. जीभ झडली असती का माही?

मी शून्याचा एक केला. नोंदवहीत लिवलं — 'किरकोळ दुरुस्ती'. हे शब्द अजूनही तिथंच हायेत. नवा तक्ता मोबाइलच्या रेंजवरून साऱ्या नव्या बोर्डांले एकदमच जाते. मावशीचा बोर्ड वगळता येत होता, पन वगळाचं कारन लिवा लागते, अन् कंपनीचे साहेब ते वाचतात. कारन म्हंजे माही चूक. अन् मले माईत होतं — नीट आयका हे — मले चांगलं माईत होतं, की मावशीकडं वायर दुसऱ्या जोडीवर हाये. माईत असूनही मी पाठवलं. म्हनलं, रविवारी जातो अन् गुपचूप वायर फिरवून येतो.

ते बुधवारी सकाळी गेलं. गुरुवारी दुपारी मावशीच्या वावरात लाइन आली. खटका चालूवर, पन आता तक्ता सुधारला होता अन् वायर उलटीच होती, त्याच्यानं बोर्ड समजला, 'थांबा'. मोटर गप्प. मावशीले वाटलं मोटर जाम झाली. आपल्याकडं काय करतात? शाफ्ट, म्हंजे मोटरचा फिरता दांडा, हातानं फिरवून पाहतात. मावशीनं खटका बंदवर फिरवला. आधीची मावशी असती तं किटकॅट कनवटीले गेलं असतं. पन साहेबी झाडून कोनीतरी सांगतलं होतं ना, गरज नाई! अर्धा मिनिट झाला, तिचा हात शाफ्टवर होता अन् मोटर सुरू झाली.

उजव्या हाताचे तीन बोटं गेले.

तिसऱ्या दिवशी मी, साहेब अन् गजा शेतात गेलो. मावशी दवाखान्यात होती, तिचे भाऊ होते, शेजारचे पाच-सात जनं होते. मी खटक्याची डब्बी खोलली. नकाशा काढला, सगळ्याईले दाखवला. वायर दुसऱ्या जोडीवर. अन् मी काय केलं माईत हाये? मी शुद्ध मराठीत बोललो. मेडशीचा मी, गजासमोर, शुद्ध मराठीत! "जोडणी नकाशाप्रमाणे झालेली नाही. वायरिंग उलट केलेलं आहे." यातला एक शब्द खोटा नाई, तपासून घ्या. मले याचीच जास्त किळस येते.

गजानं माह्याकडं पाह्यलं. म्हने, "नंदू, तूच तं फोनवर सांगतलं होतं ना रे?"

"मी तुला नकाशाप्रमाणे जोडायला सांगितलं होतं, गजानन."

जन्मात पयल्यांदा त्याले गजानन म्हनलो. मले वाटलं भांडंल, गचांडी धरंल. धरली असती तं बरं झालं असतं. पन त्याच्या तोंडावर राग आलाच नाई. तो आठवत होता! उभ्या उभ्या, डोळे बारीक करून, तो फोन आठवून पाहत होता. मंग म्हने, "माहंच चुकलं असंल मंग." मावशीच्या भावानं सगळ्याईसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. मी नकाशाची घडी घालत होतो.

त्यानं दवाखान्यात जाऊन मावशीचे पाय धरले. मीही भेटाले गेलो, सफरचंदं घेऊन! मावशी म्हने, "बापू, तुह्या खटक्याले बोल नाई. गज्यानंच घात केला." मी मान हलवली. अर्धा तास बसलो.

मावशीच्या जुड्या आता भावजय बांधते. गजाले कामाचे फोन बंद झाले. दोन हंगाम तो बायकोसंगं ऊसतोडीले गेला. अन् मी? मी साऱ्या बोर्डांचे तक्ते लिवतो अजून. आता दोनदा तपासतो. साहेब म्हनतात, असा काटेकोर मानूस पायजे.

या दिवाळीत गजानं घराले मागं एक खोली काढली. मले बोलावलं. वायरिंग त्यानंच केलं होतं, पन चालू केलं नव्हतं. म्हने, "तू एकदा पाह्य, मंगच बटन दाबतो. माह्या हातावर आता माहा भरोसा नाई राह्यला." त्याची बायको दारात उभी होती. मले सांगता आलं असतं. तिथं दुसरं कोनीच नव्हतं.

मी खुर्चीवर चढलो. एक-एक डब्बी खोलली, एक-एक स्क्रू पाह्यला. तो खालून माह्या तोंडाकडं पाहत होता, लहान पोरगं निकालाकडं पाहते तसा. किटकॅट त्याच्या खिशात होतं.

"बरोबर हाये," मी म्हनलो. त्यानं किटकॅट लावलं, बटन दाबलं, लाइट लागला. तो माह्या गळ्यात पडला. त्याच्या बायकोनं चिवडा आनला, मी दोन वाट्या खाल्ल्या.

एकही वायर चुकलेली नव्हती. त्याचं कधीच काही चुकलं नव्हतं.