उत्तरेश्वरनं सरळ केलेले दात

वडवणीच्या बसस्टँडसमोर उत्तरेश्वरचं फ्लेक्सचं दुकान आहे. या दुकानातून तालुक्यातला एकही माणूस जसा आत गेला तसा बाहेर पडलेला नाही. टकल्याला केस फुटतात, सावळा गोरा होतो, आणि दाढ ठणकून गाल सुजलेला कार्यकर्ताही चौकात ‘युवा हृदयसम्राट’ म्हणून रुबाबात उभा राहतो. पण उत्तरेश्वरचा हात खरा बसला होता तो दातांवर. पुढं आलेले, एकमेकांवर चढलेले, तंबाखूनं रंगलेले, कसलेही दात आणा, चहा गार व्हायच्या आत तो माऊस फिरवून एका ओळीत उभे करायचा. "आपल्या तालुक्यात वाकडा दात शिल्लक न्हाई," असं तो छाती फुगवून सांगे. चौकाचौकातले फ्लेक्स बघितले तर ते खोटंही नव्हतं.

त्याच्या घरात मात्र वाकडे दात होते. त्याची लेक आरोही दुसरीत होती. अंगठा चोखायची तिची सवय शाळेत जाईस्तोवर सुटली नाही. दुधाचे दात पडून वरचे पुढचे दोन आले ते थेट ओठाबाहेर, आणि शेजारच्या दातांना यायला जागाच उरली नाही. झोपेत ती तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. शाळेत दातांचं शिबिर झालं तेव्हा बीडहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आरोहीच्या आईला, ज्योत्स्नाला, मुद्दाम थांबवून घेतलं.

"तारा पुढं लागतील तेव्हा लावू," त्या म्हणाल्या. "पण हिचा वरचा जबडा अरुंद आहे. तो वाढतोय तोवर त्याला वळण लावता येतं. दवाखान्यात घेऊन या, मोठी होण्याची वाट बघू नका."

ज्योत्स्नानं हे घरी सांगितलं तर उत्तरेश्वर हसायलाच लागला. "लेकराचे दात हायेत. पडतेत, येतेत, आपोआप बसतेत. न्हाई बसले तर लग्नाच्या येळी बघू तारांचं."

"अहो, हे दुधाचे न्हाईत, पक्के हायेत. आता पडायचे न्हाईत. अन् लग्नापर्यंत जबडा पक्का होऊन बसंल की."

"दात सरळ करायचं मला शिकवती का?"

बोलणं तिथंच संपलं. उत्तरेश्वर बावळट नव्हता. पण अख्ख्या तालुक्याची तोंडं नीट करणाऱ्यानं स्वतःच्या लेकीचं तोंड दुसऱ्याच्या हाती द्यायचं, म्हणजे त्याला कमीपणा वाटत होता. आरोही अलीकडं हसताना तोंडावर हात धरायची. ते बघून तो कौतुकानं म्हणायचा, "पोरगी लई लाजाळू हाय." सोयीचं तेवढंच दिसायला बापाला चष्मा लागत नाही.

तिच्या आठव्या वाढदिवसाला त्यानं स्वतःच्या हातानं फ्लेक्स केला. आधी दात सरळ केले. मग त्यांच्यावर ओठ जुळेनात म्हणून ओठ बदलले. ओठ बदलले तर हनुवटी मागं दिसायला लागली, म्हणून हनुवटी पुढं ओढली. मथळा टाकला, ‘आमची राजकुमारी’. कोपऱ्यात हात जोडलेले माजी सभापती अर्जुनराव घातले. ते राजकुमारीपेक्षा मोठे झाले, पण त्याला इलाज नव्हता.

संध्याकाळी अर्जुनराव खरोखरच आले. अशा वाढदिवसांना जाऊन जाऊन ते तरबेज झाले होते. दारातल्या फ्लेक्सवर एक नजर टाकायची, चेहरा ध्यानात धरायचा, आत जायचं. केकभोवती पोरीबाळी उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शेजारच्या अंजूला जवळ ओढलं, कारण अंजूचे दात मुळातच ओळीत होते. तिच्या हाती सुरी दिली, केक कापवला, तिला भरवला, डोक्यावर हात ठेवला.

"मी अंजू हाय," अंजू भरल्या तोंडानं म्हणाली.

"लई ग्वाड नाव हाय!" अर्जुनराव म्हणाले.

पुढारी चुकला असं तोंडावर सांगायची आपल्याकडं पद्धत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सांगायला वाईट वाटतं, पण उत्तरेश्वरनंही वाजवल्या. आरोही तिथंच, केकला खेटून, तोंडावर हात धरून उभी होती.

"पोरगी हुबेहूब फोटोवानीच हाय रे," जाता जाता अर्जुनराव त्याला म्हणाले.

पाहुणे गेले. आरोही रडली नाही, हट्ट केला नाही. दारात जाऊन तिनं वर फ्लेक्सकडं बघितलं आणि विचारलं, "पप्पा, ही कोण हाय?"

उत्तरेश्वरला लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा इतकी. शिडी लावून त्यानं फ्लेक्स उतरवला आणि सकाळी दुकान न उघडता लेकीला घेऊन बीडची बस धरली.

डॉक्टरीणबाईंनी आरोहीच्या दातांचं माप घेतलं. आधी टाळूला प्लेट बसवायची, म्हणजे जबडा हळूहळू रुंद होईल, दर महिन्याला दाखवायला यायचं, मग सगळे पक्के दात आल्यावर तारा.

"दुपारपर्यंत व्हईल का?" सवयीनं उत्तरेश्वरच्या तोंडून निघून गेलं.

"काही वर्षं लागतील," बाई म्हणाल्या. मग पुढं तुलना करता यावी म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला. "हस बाळा. दात दिसू दे सगळे."

आरोहीनं बापाकडं बघितलं, मग कॅमेऱ्याकडं. हळूहळू तोंडावरचा हात खाली घेतला.

"मॅडम, फोटोत दात नीट करू नका हं," ती म्हणाली. "न्हाईतर म्होरल्या बारीला तुमी मला वळखायच्या न्हाईत."