ओल्या हाताची सुरी

जुबेदाभाभी कुणाच्या हातून सुरी घेत नसत. आपण पुढे केली तरी त्यांचा हात मागेच. "खाली ठेवा सायब. हातात सुरी दिली की भांडण लागतंय." मग टेबलावर ठेवलेली सुरी त्या निवांत उचलायच्या. शेडमधल्या सगळ्या बायकांना त्यांनी ही सवय लावली होती, आणि शेतीची पदवी घेऊन सुपरवायझर झालेल्या मलाही.

आमची शेड कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून. कोबी, फ्लॉवर साफ करून मोठ्या शहरांतल्या दुकानांना पाठवायचा, एवढंच काम. भाभी शिवाजी पेठेतून यायच्या. त्यांची सुरी स्वतःची होती. जुन्या करवतीच्या पात्याची, चार बोटं लांब, लाकडी मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. त्या सुरीनं कोबीचा देठ एका वळणात निघायचा आणि पान एकही फाटायचं नाही.

नवी बाई कामाला लागली की भाभी तिला पेठेतल्या लोहाराकडे न्यायच्या. एकदा मीही हौसेनं गेलो. भाभींनी पिशवीतून कोबीचा एक जाडजूड देठ काढला, लोहाराच्या पाण्यात हात बुडवला आणि ओल्या हातानंच एकेक सुरी देठात दाबून पाहिली. मूठ जराशी फिरली की सुरी परत. धारेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"धार उद्या बी लावता येतीया," त्या म्हणाल्या. "दुकानात हात कोरडा असतोय सायब. कामावर न्हाई."

मला तेव्हा ते फार आवडलं होतं. घरी येऊन बायकोलाही सांगितलं. वेळ आली तेव्हा उपयोग मात्र शून्य.

पुढे माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. लाकडी मुठी चालणार नाहीत, म्हणाला. बायकांच्या सुऱ्या गोळा करून मी माझ्या कपाटात कोंबल्या. नव्या सुऱ्यांचे तीन नमुने आले. मी ते भाभींपुढे ठेवले. त्यांनी हात भिजवला आणि खरखरीत काळ्या मुठीची सुरी बाजूला काढली. "ही घ्या. ती चकचकीत नगं. वल्या हातात मासळीवानी पळतीया."

मी चकचकीत मागवली. मूठ-पातं सगळं एकसंध स्टीलचं, धुवायला सोपं, फोटोत झकास दिसणारं. ऑफिसात एसीखाली कोरड्या हातानं मी ती दोनदा फिरवून पाहिली होती. वर खरेदीच्या कागदावर लिहिलं, 'कामगारांना दाखवून निवड केली.' दाखवली होती, हे खोटं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात कोबीच्या देठावर जोर देताना ती सुरी भाभींच्या हातात फिरली. डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारचं बोट वाकवणारी शीर तुटली. दवाखान्यात टाके पडले, पण बोट पुन्हा वाकलं नाही. मालकांनी अहवाल मागितला. सुरीला दोष द्यावा तर खरेदीवर माझी सही. मी लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' दोन शब्द लिहायला मला फार वेळ लागला नाही, याची आजही लाज वाटते. अहवालाची प्रत हातात पडली आणि त्या दोन शब्दांवर भाभींचं काम गेलं. माझं राहिलं.

दोन महिन्यांनी त्यांची जुनी सुरी कपाटातून काढून मी त्यांच्या घरी गेलो. भाभी दारात मेथी निवडत होत्या. ताठ बोट काड्यांमध्ये नुसतं अडत होतं. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"भाभी, चुकलं माझं."

"कागदावर काय लिवलासा, ते माझ्या पोरीनं वाचून दावलं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पंधरा वर्सं सुरी चालवली. कधी खरचटलं बी न्हवतं मला."

मी सुरी उंबऱ्यावर ठेवायला वाकलो, तेवढ्यात त्या उठल्या आणि उजवा हात पुढे केला.

"खाली कशाला ठेवताय? द्या की हातात."

मी दिली. त्यांनी मूठ एकदा दाबून पाहिली, मेथीची पाटी उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.