बा म्हणतो, उगवतीले

दुपारचं जेवण करून हिंमत पवार लिंबाखाली बाजेवर पडतो. झोपायचं नाहीच त्याला. नुसते डोळे मिटून, आठ दिवस पालथा घातलेला माळ पुन्हा एकदा आठवायचा आहे. मावळतीचा कुसळी गवताचा उतार तेवढा त्यानं सोडला. तिथल्या दगडगोट्यांत तणमोरासारखं गवतातलं पाखरू कशाला बसेल? उद्या सकाळी पक्षी मोजणाऱ्या मॅडम आणि अख्खं गाव येणार. तणमोर दिसला तर माळ गवताचा राहील, नाही तर नांगर फिरेल, असं गावसभेत ठरलंय. मग पारध्यांच्या या बेड्यावरची, वस्तीवरची गुरं कुठे चरायची? आणि ‘मी दाखवतो’ म्हणून हात वर केला कोणी, तर हिंमतनंच. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

सावली सरकते. बाज जराशी हलते. बाजेखाली गवत आहे.

“पाय वर घे,” बा म्हणतो.

बा म्हणजे हिंमतचा बाप टिकाराम. गेल्या दिवाळीत दवाखान्यात वारला. पाखरू हुडकावं तर त्यानं. फासे लावायच्या आधी दोन-दोन दिवस नुसता गवतात बसून राहायचा. तणमोराचा नर रोज एकाच जागी उड्या मारतो. ती जागा कळली की निम्मी शिकार झाली. पण हिंमत मोजणाऱ्यांबरोबर फिरू लागला आणि बानं त्याच्याशी पाखरांचं नावच काढलं नाही. ते हिंमतला फार लागलंय, अजूनही.

“बा, तू तर गेला ना?”

“कुठी?”

बा चालू लागतो, हिंमत मागे. दोघं रेशनच्या रांगेत उभे आहेत. कमरेएवढं गवत, त्यात पिशव्या धरून माणसं, आणि कोणाला त्याचं काही नाही. बा वाकून पाखराची एक शीट चिमटीत घेतो, हुंगतो.

“कालची हाय.”

रांग पुढे सरकते. पुढे दुकान नाही, दवाखाना आहे. बाचा तोच वॉर्ड, तीच खिडकीजवळची खाट. खाटेमागून काळं काहीतरी उसळतं, हवेत क्षणभर थांबतं आणि खाली जातं. टर्रर्र.

“ही जागा कुठली, बा? माळावर कुठी येते? मले सांग ना!”

बा खिडकीबाहेर बघतो. “उगवतीले.”

हिंमत गोंधळतो. त्यांच्या घरचा नेम आहे, शिकारीला निघालं की दिशा उलटी बोलायची, कारण पाखरू ऐकतं. बरोबरच्या माणसाला तोंडानं सांगायचं नाही, चालवत न्यायचं. पण मेलेला माणूस नेम पाळतो का? की पोरावर विश्वास नाही म्हणून अजून चकवतोय?

“खरं सांगून रायला का, बा?”

“चाल,” बा म्हणतो, आणि खाट रिकामी आहे.

हिंमत दचकून उठतो. लिंब, बाज, चुलीचा धूर. उगवतीला तर तो चारदा जाऊन आलाय. बानं मरूनही थांगपत्ता लागू दिला नाही, या विचारानं त्याला रडूच येतं. डोळे पुसायला तो मान खाली घालतो आणि पँटच्या पायाशी काहीतरी टोचतं.

तीन कुसळं. काळी, ताजी, कापडात रुतलेली. पँट बायकोनं, शेवंतानं आज सकाळीच धुतलेली, आणि माळावर कुसळी आहे ती फक्त मावळतीच्या उतारावर.

म्हणजे बानं त्याला चालवत नेलं होतं. बरोबर घेतलं होतं.

तो चपला घालतो. दारात भांडी घासणारी शेवंता मान वर करते.

“कुठी चाल्ले जी, एवढ्या उन्हात?”

“उगवतीले,” हिंमत म्हणतो, आणि मावळतीच्या वाटेला लागतो.