हात आवरा, सिस्टर

ब्यूरोतले सगळे तिला ‘झटपट सिस्टर’ म्हणत. हे नाव आपल्याला कौतुकानं पडलंय असा तिचा बरीच वर्षं समज होता. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या त्या ब्यूरोत तिच्याइतकी जुनी कुणी नव्हती आणि तिच्याइतकी चपळ तर नव्हतीच. अंथरुणावरची चादर ती माणसाला कळायच्या आत बदलायची. ‘सिस्टरचे हात तिच्या आधी खोलीत शिरतात,’ असं तिचा नवरा म्हणायचा. तो बिचारा अनुभवानं बोलत होता, कारण लग्न झाल्यापासून त्याला स्वतःचे मोजे कुठे असतात हे ठाऊक नव्हतं.

ब्यूरोच्या भिंतीवर नियमांचा तक्ता होता. दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही. अंगाला हात लावण्याआधी विचारायचं. अंघोळ घालताना दार लावून घ्यायचं. या घरातलं त्या घरात बोलायचं नाही. भेटवस्तू घ्यायची नाही. नव्या मुलींना सिस्टर हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवायची. तक्त्यावरचा शेवटचा नियम मात्र ती जरा घाईनं उरकायची. रुग्णाला जे स्वतः करता येतं ते आपण करायचं नाही, असा तो होता. हा नियम कुणा कामचुकार मुलीनं लावून घेतला असणार, असं तिचं प्रामाणिक मत होतं. करता येतंय म्हणून का आजाऱ्याला राबवायचं? मग आपण कशाला आहोत?

अशा मनाची सिस्टर मास्टरांच्या घरी लागली.

मास्टर म्हणजे शिंपी. खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं, ते आता बंद. वर दोन खोल्या. एका कोपऱ्यात झाकण घातलेलं मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात बिनडोक्याचा लाकडी पुतळा, त्याच्या गळ्यात अजून टेप लटकलेली. खिडकीजवळ दुकानातून वर आणलेला उंच आरसा. बायको जाऊन बराच काळ लोटलेला, मुलगी परगावी नोकरीला. मास्टरांना झटका आला तो डाव्या बाजूला, आणि सौम्य. दवाखान्यातून ते काठी टेकत स्वतःच्या पायांनी जिना चढून वर आले होते.

सिस्टर आली आणि त्यांचे कष्टाचे दिवस संपले. सकाळी तिनं ‘हात लावू का, मास्टर?’ असं विचारायचं. ती नियमाप्रमाणे विचारायची, यात शंका नाही. पण मास्टरांनी ‘हो’ म्हणेपर्यंत त्यांचा एक हात बाहीत गेलेला असायचा आणि ‘हो’ म्हणून झाल्यावर वरचं बटण लागलेलं असायचं. ते चमच्याकडे बघायचे तोवर सूप तोंडात. ते काठीकडे बघायचे तोवर सिस्टरचा खांदा काखेत.

“सिस्टर, मी नुसता विचार केला तरी तुम्ही काम करून मोकळ्या होता,” मास्टर एकदा म्हणाले.

“मग! आहेच मी तशी,” सिस्टर फुलून म्हणाली. त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःवर इतकी खूश होती, की उतरायचा थांबा चुकला.

काही आठवड्यांनी मास्टरांची मुलगी आली. तिनं ब्यूरोच्या मेट्रनबाईंनाही बोलावून घेतलं होतं. मेट्रनबाई मोजकं बोलणाऱ्या, आणि त्यांचं मोजकं बोलणं ऐकून मोठमोठ्या मुलींना पाणी प्यावंसं वाटायचं. मुलीनं सरळच विचारलं, “बाई, मला एवढंच सांगा, बाबा एकटे राहू शकतील का? माझ्या गावात चांगला वृद्धाश्रम आहे. खोली रिकामी आहे. पण बाबा ऐकत नाहीत.”

“मी इथंच राहणार,” मास्टर म्हणाले. “मला खिडकीतून माझं दुकान दिसायला हवं.”

“बंद दुकान, बाबा.”

“बंद असलं तरी माझं आहे.”

मेट्रनबाईंनी वाद होऊ दिला नाही. जेवायची वेळ झालीच होती. त्यांनी सुपाचा वाडगा आणि चमचा मास्टरांसमोर ठेवला आणि म्हणाल्या, “घ्या, मास्टर.”

मास्टरांनी वाडग्याकडे पाहिलं. मेट्रनबाईंकडे पाहिलं. आणि घरट्यातल्या पिलासारखा आ केला.

सिस्टरच्या लक्षात आलं, की आपण भिंतीपाशी उभ्या होतो आणि आपला हात खोलीचं अर्धं अंतर कापून चमच्यापर्यंत पोहोचला आहे. तिनं तो मागे घेतला. पण तो सगळ्यांनी पाहिला होता.

“सिस्टर,” मेट्रनबाई म्हणाल्या, “मास्टरांच्या उजव्या हाताला काय झालंय?”

“उजव्या हाताला? काही नाही बाई. उजवा ठणठणीत आहे. झटका डावीकडे आला होता.”

“मग उजवा कधीपासून रजेवर आहे?”

उत्तर सोपं होतं. ती या घरात आली त्या दिवसापासून.

मुलगी वाईट नव्हती. जाताना जिन्यात तिनं सिस्टरचा हात धरला. “तुम्ही खूप केलंत हो. पण बाबा एकटेच असताना पडले तर? मी कुठे, ते कुठे. महिनाअखेरीला मी परत येते. तोवर स्वतः जेवले, स्वतः कपडे घातले, तर राहू देत इथं. नाहीतर मी त्यांना घेऊन जाणार.”

सिस्टर वर आली तेव्हा मास्टर आरशाकडे पाठ करून बसले होते.

“राजा केलात तुम्ही माझा,” ते म्हणाले. “आता राजा वनवासाला निघाला.”

इतक्या वर्षांत रुग्ण हातचा गेला म्हणून सिस्टर कधीमधी रडली होती. रुग्ण धडधाकट असून आपणच त्याला आजारी ठेवलं म्हणून रडायची ही पहिलीच वेळ. घरी जाऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, या घरातलं त्या घरात बोलायचं नाही हा नियम मोडून. (एकदा मोडायला लागलं की माणूस थांबत नाही.) नवरा शांतपणे ऐकून म्हणाला, “अगं, मी तर तुझा किती वर्षांचा रुग्ण आहे.”

दुसऱ्या दिवसापासून तिनं निश्चय केला, हात लावायचा नाही. निश्चय करणं सोपं, हातांना समजावणं अवघड. मास्टर चमचा उचलत, तो वाटेत डुगडुगे, सूप सदऱ्यावर सांडे, आणि सिस्टर छताकडे बघत राही. छत पाहून झालं की पुतळा. पण कानांना सगळं ऐकू यायचंच, चमच्याचं वाडग्याला आपटणं, मास्टरांचं पुटपुटणं. बटणाची गोष्ट तर विचारूच नका. डाव्या हाताची बोटं मांडीवर पडून राहत आणि उजवा एकटाच बटणाशी झोंबत बसे. मास्टर एका बटणाशी झगडत असताना खाली रस्त्यावर भाजीवाला येऊन, घासाघीस होऊन, भाजी विकून निघून जायचा.

आणि मग कधीतरी सिस्टरचा हात सुटायचाच.

“हात आवरा, सिस्टर!” मास्टर गरजत.

“चुकून गेला हो.”

“चुकून? मघाशीही चुकूनच गेला होता!”

शेवटी ती हातांवर बसायला लागली. अक्षरशः. खुर्चीवर दोन्ही तळहात ठेवायचे आणि त्यावर आपलं वजन टाकायचं. वजन पुरेसं होतं, एवढं तरी देवानं दिलं होतं. एखादी नवी मुलगी अचानक आत आली असती, तर झटपट सिस्टर स्वतःच्या हातांवर बसून म्हाताऱ्याला शर्टाशी झुंजताना बघतेय हे दृश्य पाहून तिनं नोकरी सोडली असती.

एक दिवस मास्टर वैतागले. “तुमच्या हातांना काम नाही, म्हणून ते भटकतात. माझ्याकडे शिकायला यायची ती पोरंही अशीच. त्या डब्यातलं कापड घ्या. सुई घ्या. काज करा.”

“काज? मला काज येत नाही.”

“म्हणूनच करा. बटणाला जायला भोक लागतं, त्या भोकाच्या कडा दोऱ्यानं बांधायच्या. टाक्याला टाका लागला पाहिजे. त्यात काय आहे!”

सिस्टरला वाटलं, त्यात काय आहे! ज्या हातांनी वळवळणाऱ्या लेकराच्या नसेत सुई घातली, त्यांना कापड काय जड? तिनं झटपट काज केलं आणि मास्टरांसमोर धरलं.

मास्टर बराच वेळ बघत राहिले. “हे काज आहे? की उंदरानं रागाच्या भरात कुरतडलंय?”

दुसरं केलं, ते पहिल्यापेक्षा वाईट झालं. तिसऱ्यात तिनं काजाच्या दोन्ही कडा एकमेकींना शिवून टाकल्या. मास्टर खुर्चीत चुळबुळायला लागले. त्यांची मान पुढे आली. ओठ हलायला लागले. दोरा असा नाही, वरून घ्या, वरून, अहो कापड ताणू नका, अहो...

“द्या इकडे!”

त्यांनी कापड खसकन ओढून घेतलं. सुई उजव्या हातात घेतली. आणि इतके दिवस मांडीवर मेल्यासारखा पडून असलेला डावा हात वर आला, अंगठ्याखाली कापडाची कड दाबून धरली, आणि धरूनच राहिला. अंगठा थरथरत होता. टाका वाकडा पडला. दुसरा सरळ पडला.

सिस्टरच्या तोंडून किंकाळी निघणार होती. तिनं हातांबरोबर तोंडावरही बसायची काही सोय आहे का याचा विचार केला. मास्टरांना अजून कळलं नव्हतं. काज पुरं करून त्यांनी दोरा दातानं तोडला, मान वर केली, आणि मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, जणू कुणी ओळखीचं माणूस फार दिवसांनी दारात उभं आहे.

“हा कधी आला?” ते हळूच म्हणाले.

“मी काज बिघडवताना तुम्हाला बघवेना, तेव्हा,” सिस्टर म्हणाली. “मास्टर, तुम्हालाही माझाच रोग आहे. आता माझं काज मला करू द्या. हात आवरा.”

मास्टर हसले. काठी खाली पडेपर्यंत हसले. काठी त्यांची त्यांनीच उचलली. सिस्टर तेवढ्यात अर्धी उठली होती, ती परत बसली.

त्यानंतर रोजचा नेम झाला. सिस्टर काजं बिघडवायची आणि मास्टर ती उसवून नीट करायचे. चांगलं काज करायचा ती मनापासून प्रयत्न करत होती, हे कुणाला पटणार नाही. आपल्या नालायकीचा कुणाला इतका उपयोग होईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घरीही तिनं नवऱ्याला टॉवेल हातात द्यायचं बंद केलं. दोन दिवस तो ‘माझं काही चुकलं का?’ असं विचारत होता. तिसऱ्या दिवशी दोन रंगांचे मोजे घालून तो अभिमानानं कामावर गेला.

महिनाअखेरीला मुलगी आली, मेट्रनबाई आल्या. चहा आला. मास्टर म्हणाले, “शर्ट बदलून येतो.” आतल्या खोलीचं दार लागलं. बाहेर तिघीजणी बसून राहिल्या. सिस्टर अर्थात हातांवर. आतून काठी पडल्याचा आवाज आला. मुलगी दचकली. काठी उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

दार उघडलं. मास्टर काठी टेकत बाहेर आले. अंगात त्यांनीच कधीकाळी शिवलेला निळ्या चौकटीचा शर्ट. सगळी बटणं लावलेली. आणि सगळी एकेक घर चुकलेली. एका बाजूची कॉलर कानाला टेकलेली, दुसऱ्या बाजूचं टोक खाली लोंबतंय.

“अरे देवा, बाबा,” म्हणत मुलगी उठली. तिचे हात पुढे झाले. ते हात सिस्टरला इतके ओळखीचे वाटले, की विचार न करता तिनं झेप घेऊन मुलीचं मनगट पकडलं. अंगाला हात लावण्याआधी विचारायचं, हा नियम तिनं खुद्द मेट्रनबाईंच्या देखत मोडला.

“राहू द्या, ताई. जरा थांबा.”

“अहो, पण असं...”

“थांबा ना.”

मास्टरांचं या दोघींकडे लक्षच नव्हतं. त्यांना समोर आरसा दिसला होता. गिऱ्हाइकाकडे बघावं तसं ते त्यातल्या माणसाकडे बघत होते.

“शिलाई चांगली आहे,” ते म्हणाले. “घालणारा गाढव आहे.”

आणि त्यांनी खालचं बटण काढलं. मग वरचं. मग सगळीच. डाव्या हातानं कड धरायची, उजव्यानं बटण सारायचं. एक निसटलं, परत धरलं. चहाचे कप तसेच राहिले. मेट्रनबाईंनी आपला गार झालेला चहा उचलून शांतपणे पिऊन टाकला. मुलगी सुरुवातीला ओठ चावत होती, मग खाली बसली आणि नुसती बघत राहिली. शेवटचं बटण लागलं तेव्हा मास्टरांनी खांद्यावरचा नसलेला दोरा झटकला आणि आरशातूनच लेकीला विचारलं, “कुठं बसतंय का चुकीचं?”

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “छान बसलंय.”

मास्टर तिथंच राहणार हे ठरलं. शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकावणार होती. मेट्रनबाई निघताना म्हणाल्या, “सिस्टर, तुमचं इथलं काम संपलं. आजच्यासारखा कुणाचा हात परत धरू नका. पण आज धरलात ते बरं केलंत.”

काम संपलं, हे सिस्टरला तेव्हा कुठे उमगलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात, तो तिनं महिनाभर हातांवर बसून पाडून घेतला होता. पर्स घेऊन ती उठली, तशी मास्टरांनी तिच्या कोटाकडे बोट केलं.

“ते बटण लोंबतंय. काढा कोट.”

“नको मास्टर. आम्हाला भेट घ्यायची नसते.”

“भेट कसली? दुरुस्ती आहे. बसा.”

तिनं कोट काढून दिला. मास्टरांनी सुई घेतली, डोळ्यांसमोर धरली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं. दोरा सुईच्या उजवीकडून गेला. मग डावीकडून गेला. सिस्टरला तो दोरा एका क्षणात ओवता आला असता. खाली तिची बस येऊन उभी राहिल्याचा आवाज आला.

“घाई आहे का?” मास्टरांनी मान वर न करता विचारलं.

“छे,” सिस्टर म्हणाली, आणि पुन्हा हातांवर बसली.