पूजेतला कॉम्प्युटर आणि वहिनीची मिरची

खंडेनवमीच्या दिवशी मी घरात पार तोंडावर पडले...

जानेफळजवळ आमचं घर, मागेच शेडनेट. वहिनीने यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर बियाण्याच्या मिरचीचा प्लॉट घेतलाय. झाडं कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या पिशव्यांत, त्यामुळे दिवसभर थोडं थोडं पाणी लागतं. उन्हात पिशवी वाळली की फुलं गळालीच म्हणून समजा.

पाणी सोडायचं काम मी एका छोट्या बोर्डाला, म्हणजे तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला दिलंय. त्यावर लिनक्स चालतं, पण आत ना डिस्क ना मेमरी कार्ड. लाइटच्या ये-जामुळे कार्डं खराब व्हायची, म्हणून सुरू होताना तो अख्खी सिस्टीम केबलवरून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरकडून मागून घेतो. काय तोरा होता माझा! हाताने पाणी सोडायचा कॉकसुद्धा काढून टाकला होता मी.

तर त्या दिवशी आईने विळे, कुऱ्हाड, शिलाई मशीन पूजेत मांडलं... आणि तो कॉम्प्युटरही. बंद करून, पुसून, वर झेंडूचा हार. पूजेतल्या अवजाराला आमच्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नाही. बोर्ड तर चालूच होता, म्हणून मीही काही बोलले नाही.

दुपारी लाइट गेली आणि लगेच आली. वहिनी पळत आली, "ताई, पाणी बंद पडलं! झाडं माना टाकून राह्यले." रडायलाच आली होती बिचारी. मला लगेच कळलं... बोर्ड पुन्हा सुरू होऊन सिस्टीम मागत बसला होता आणि देणारा पूजेत.

आईला सांगायची माझी हिंमत होईना. रीतीभातीची फार कडक बाई! शेवटी सांगितलं, "आई, त्या बोर्डाजवळ स्वतःचं काहीच नाही. उठला की घराला हाक मारतो, घराने दिलं तरच चालतो."

"मंग इतका वेळ काऊन गप बसली वं?" आई उठली. तिनेच हार काढला, हात जोडले... "देवा, माफ कर. लेकरू हाका मारून राह्यलं." आणि मला म्हणाली, "कर चालू."

पिशव्यांत पाणी ठिबकायला लागलं तशी वहिनी चक्क सासूच्या गळ्यात पडली.

कॉक मी दुसऱ्याच दिवशी परत बसवला. पण खरं सांगू... आईचे नियम मोडायला मी आजवर किती भांडले असेन! या वेळी सुनेच्या मिरचीसाठी तिने स्वतःच मोडला आणि मला एका शब्दानेही भांडावं लागलं नाही. आई, थँक्यू गं...