उंबऱ्यावरची ओ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जव्हार-मोखाड्यात आरोग्य सेवक म्हणून उभी हयात पायपीट केली. कुणाच्या अंगात आलं की आधी त्याचा ताप बघायचा, ही माझी पद्धत. तरीही हे लिहितोय, कारण या अनुभवामागे माझं एक खोटं आहे... आणि आता वय झालं.

आमच्या पाड्यावर नवी नागली, म्हणजे नाचणी, घरात आली की पहिली भाकर उंबऱ्यावर ठेवायचे. घरातलं जे माणूस गेलं असेल त्याला आई नावानं हाक मारायची आणि त्याची ओ ऐकायला मान कलती करून थांबायची. "दिली ओ," असं म्हणून मगच आम्हाला वाढायची. आम्हाला काही ऐकू यायचं नाही, पण भूक लागलेली असायची. "दिली गं, दिली, वाढ आता!" ती हसायची. त्या काळ्या, गरम भाकरीचा वास अजून नाकात आहे.

जानीमावशी ही आईची मैत्रीण. जामसरच्या पलीकडच्या पाड्यावर राहायची. तिचा एकुलता मुलगा लक्ष्या वसईकडे बांधकामावर गेला आणि तिकडेच पडून वारला. त्यानंतर ती रोजच भाकर ठेवू लागली, रोज हाक मारू लागली. पुतण्यानं तिला मानसिक आजारांच्या शिबिरात आणलं. डॉक्टर शहरातून आलेले, भला माणूस. मी दुभाष्या.

ते मला समजावून म्हणाले, "नसलेला आवाज ऐकू येणं हा भास. कितीही समजावलं तरी न हलणारी चुकीची समजूत, तो भ्रम. पण ती समजूत सगळ्या समाजाचीच असेल, तर तिला भ्रम म्हणता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारतो... तुमच्याकडे अशी पद्धत आहे?"

नवी नोकरी, इस्त्रीची पँट, खिशाला पेन. त्यांच्यासमोर मला पाड्यावरचा व्हायचं नव्हतं.

"नाही सर. आमच्यात असं काही नसतं."

मावशीला मराठी कळायची. ती आमच्या बोलीत म्हणाली, "मंग तुझी आईस कोनाला हाक मारं रं? मांजराला?"

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईची चौकशी करतात, सर."

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांना दोष देत नाही. त्यांच्यामुळे सावरून शेतावर परतलेली माणसं मी पाहिली आहेत. मावशीलाही झोप लागू लागली. पण पुढच्या नागलीला गेलो तर उंबरा रिकामा.

"पोऱ्या ओ देत नाय आता," ती म्हणाली. "तूच सांगलास ना, आपल्यात असां नसतां."

तेव्हाही डॉक्टरांना खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. त्यांची बदली झाली, मी निवृत्त झालो, मावशी गेली.

गेल्या दिवाळीनंतर मुलगी नाशिकहून आली. ती समुपदेशक आहे. भर दुपारी तिला घेऊन मावशीच्या पाड्यावर गेलो. "एका मावशीला भाकर द्यायची राहिली," एवढंच तिला सांगितलं होतं. लक्ष्याचं नावही तिनं कधी ऐकलं नव्हतं. पाडा ओस, माणसं कामाला बाहेरगावी गेलेली. मावशीच्या घराच्या भिंती पडलेल्या, उंबरा तेवढा शिल्लक. त्यावर भाकर ठेवली आणि हाक मारली.

"जानीमावशी..."

"ओ."

चुलीपाशी गुंतलेल्या बाईनं द्यावी, तशी.

परत गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मला भास झाला बहुतेक."

"भास कसला बाबा, मीही ऐकलं. पण त्या बाईंच्या मागून तो मुलगा कोण बोलला? त्यानंही ओ दिली की. मागे राहतं का कोणी?"

मागे नुसता माळ होता.

मग तिला सगळं सांगितलं. "मन खात असलं की असं ऐकू येऊ शकतं, बाबा. तुमचं मी समजू शकते," ती म्हणाली. "पण मला का ऐकू यावं?"

मला लक्ष्याचा आवाज आला नाही, एवढं खरं. मी त्याला हाक मारलीच नव्हती.

ते डॉक्टर कुठे आहेत, आहेत की नाहीत, ठाऊक नाही. हे त्यांच्या वाचनात आलंच तर... सर, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं.

आमच्यात असतं.